प्रभारी प्रशिक्षक : क्लिफर्ड मिरांडा यांच्याकडून आपण काय घ्यावं?



'प्रभारी' हा शब्द आपल्या शाळांना काही नवा नाही. मुख्याध्यापक निवृत्त झाले आणि नवीन नेमणूक आली नाही, की ज्येष्ठ शिक्षकाच्या हातात कपाटाच्या किल्ल्या, शिक्का आणि पोषण आहाराची नोंदवही येते. वर्ग मात्र सुटत नाही. काम पूर्ण, पद अर्धं! आज अशाच एका प्रभारी माणसाची ओळख करून द्यायची आहे. फक्त तो शाळेतला नाही, फुटबॉलच्या मैदानावरचा आहे.

क्लिफर्ड मिरांडा हे गोव्याचे, जन्म 1982 चा. ते मिडफिल्डर, म्हणजे मधल्या फळीतले खेळाडू. आपल्या छत्रपती संभाजीनगरात घराघरात क्रिकेट, म्हणून थोडं सांगते. गोल करणाऱ्याचं नाव पेपरात येतं, पण त्याच्या पायापर्यंत चेंडू पोहोचवतो तो मिडफिल्डर. त्याला पुढचंही बघावं लागतं आणि मागचंही. पणजीच्या डेम्पो क्लबने 2005 ते 2012 या काळात पाच वेळा राष्ट्रीय लीगचं विजेतेपद मिळवलं. प्रशिक्षक होते आर्मांडो कोलासो, आणि त्या संघात मिरांडा होते. ते भारताकडूनही खेळले.

खेळणं थांबल्यावर त्यांनी शिकवायला सुरुवात केली. इथे एक गोष्ट लक्षात घ्या. चांगला खेळाडू आपोआप चांगला प्रशिक्षक होत नाही. गणित येणं वेगळं आणि तिसरीच्या मुलाला हातच्याची वजाबाकी समजावणं वेगळं, हे आपल्याला डी.एड.लाच कळतं. फुटबॉलमध्येही प्रशिक्षकाला टप्प्याटप्प्याने परवाने मिळवावे लागतात. मिरांडा यांनी आशियाई महासंघाच्या 'प्रो' परवान्यापर्यंतचं शिक्षण घेतलं.

आता खरी गोष्ट. एफसी गोवा संघाचे मुख्य प्रशिक्षक होते स्पेनचे सर्जिओ लोबेरा. जानेवारी 2020 च्या शेवटी क्लबने त्यांना दूर केलं. साखळीतले तीनच सामने उरले होते आणि सूत्रं मिरांडा यांच्याकडे आली. विचार करा, वार्षिक परीक्षा तोंडावर आणि वर्गशिक्षक बदलले! पण संघाने हैदराबादला 4-1, मुंबईला 5-2 आणि जमशेदपूरला 5-0 असं हरवलं. तीन सामन्यांत चौदा गोल. गोवा साखळीत पहिला आला आणि आशियाई चॅम्पियन्स लीगच्या गटफेरीत जाणारा पहिला भारतीय क्लब ठरला. पुढे उपांत्य फेरीत चेन्नईयिनकडून दोन सामने मिळून 5-6 अशी हार झाली, तीही सांगायला हवी.

मग पुढच्या हंगामात मुख्य प्रशिक्षक कोण झालं? स्पेनचेच हुआन फेरांडो. मिरांडा पुन्हा सहाय्यक.

2023 मध्ये ओडिशा एफसीत तसंच घडलं. स्पॅनिश प्रशिक्षक जोसेप गोम्बाऊ गेले आणि मिरांडा प्रभारी झाले. 25 एप्रिल रोजी कोझिकोडला सुपर कपच्या अंतिम सामन्यात ओडिशाने बंगळुरूला 2-1 ने हरवलं. क्लबचा तो पहिला मोठा चषक. त्यानंतर ओडिशाने कायम प्रशिक्षक म्हणून कुणाला आणलं माहीत आहे? त्याच लोबेरांना!

हे वाचून वाईट वाटतं ना? मलाही वाटलं. परदेशी प्रशिक्षकांकडून आपले खेळाडू पुष्कळ शिकले, ते नाकारायचं कारण नाही. पण निकाल देणाऱ्या माणसाला दोनदा 'तात्पुरता' म्हणावं, हे कुणालाही बोचेल. मिरांडा यांनी मात्र काम सोडलं नाही. भारताच्या 23 वर्षांखालील संघाला शिकवलं, मोहन बागानमध्ये पुन्हा सहाय्यक झाले. 2025 मध्ये चेन्नईयिन एफसीने त्यांना मुख्य प्रशिक्षक नेमलं.

याच्या शेजारी स्पेनचे झाबी अलोन्सो यांना ठेवून बघा. तेही मिडफिल्डर, 2010 च्या विश्वविजेत्या संघातले. एवढा मोठा खेळाडू, पण प्रशिक्षक म्हणून सुरुवात कुठे केली? रेआल माद्रिदच्या 14 वर्षांखालील मुलांपासून. मग तीन वर्षं रेआल सोसिएदादचा दुय्यम संघ. ऑक्टोबर 2022 मध्ये जर्मनीचा लेव्हरकुसेन संघ हाती आला, तेव्हा तो तळातून दुसरा होता. 2023-24 मध्ये तोच संघ 34 सामन्यांत एकही न हरता पहिल्यांदा जर्मनीचा विजेता झाला.

आपल्याकडे 'काय, प्राथमिकलाच शिकवता का?' असं विचारणारे भेटतात. त्यांना हे जरूर सांगा. लहान मुलांना शिकवणं ही खालची पायरी नाही, तो पाया आहे.

मला वाटतं, दोघांच्या यशाचं मूळ एकच आहे. मधल्या फळीत खेळताना नजर सगळ्या मैदानावर ठेवायची सवय लागते. मिरांडा यांना ऐनवेळी संघ सांभाळता आला, कारण सहाय्यक असतानाच ते सगळ्या खेळाडूंना ओळखून होते. पद नंतर आलं, ओळख आधीच होती. आपल्या शाळेतही प्रभारी कोण यशस्वी होतं? ज्याला प्रत्येक वर्गातली मुलं माहीत असतात तोच.

वर्गात करून बघा : खेळाच्या तासाला पाळीपाळीने एकेका मुलाला पाच मिनिटं बाहेर बसवून नुसतं बघायला सांगा. मग त्याला दोन प्रश्न विचारा. 'कोणाकडे चेंडू गेलाच नाही? तू आत असतास तर काय केलं असतंस?' उत्तर आधी तोंडी, नंतर वहीत पाच वाक्यांत. मराठीचा तासही होतो आणि एरवी बाजूला राहणारी मुलं वर्गाच्या नजरेत येतात.

आणि पालकहो, मूल खेळून घरी आलं की 'गोल किती केलेस?' एवढंच विचारू नका. 'आज चेंडू कोणाला दिलास?' हेही विचारा.

या जूनमध्ये ज्यांच्या हाती प्रभारी पदाच्या किल्ल्या आल्या आहेत, त्या सगळ्यांना मनापासून शुभेच्छा. ऑर्डर येईल तेव्हा येईल. मुलं तर उद्या सकाळी येणारच आहेत.