तळेगावची काळी तार

पहाटे पावणेपाचला निघालो. घराच्या गच्चीवरची सिमेंटची टाकी रात्रभर निवूनही हाताला कोमट लागत होती. गाडीचं कापडी छत आदल्या रात्रीच मागे दुमडून ठेवलेलं. शेजारी मावसभाऊ, त्याच्या पायाशी पाण्याचे दोन कॅन, आणि समोर नागपूर-अमरावती रस्ता. पोहोचायचं होतं चिखलदऱ्याला. अमरावतीपर्यंत 150 किलोमीटर, तिथून परतवाडा आणि मग घाट.

गाडी सॅन स्टॉर्म. ही गाडी आता रस्त्यावर क्वचितच दिसते, म्हणून थोडं सांगतो. 1998 साली ही दोन दारांची, उघड्या छताची छोटी स्पोर्ट्स कार गोव्यात बनू लागली. रेनोचं 1149 सीसीचं इंजिन, साठेक अश्वशक्ती, लोखंडी चेसी आणि तिच्यावर फायबरग्लासची बॉडी. साठ घोडे ऐकायला कमी वाटतात, पण फायबरमुळे गाडी हलकी आहे आणि बसायची जागा जमिनीपासून वीतभरावर असल्यासारखी, त्यामुळे 70 चा वेगही अंगावर येतो. पाच वर्षांपूर्वी मी ती पुण्याहून आणली. तिची बॉडी फायबरची आहे, हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. त्याचा खरा अर्थ मात्र तळेगावात कळला.

एप्रिलपासून तिचं दुखणं सुरू होतं. वर्धा रोडवर पळवली की टेंपरेचरचा काटा मधोमध, अगदी शांत. व्हरायटी चौकाच्या सिग्नलला दोन मिनिटं उभी राहिली की काटा चढू लागायचा. सिग्नल सुटून सीताबर्डीचा पूल चढेपर्यंत पुन्हा खाली. ज्यांनी जुन्या गाड्या वापरल्या आहेत त्यांना एवढ्यावरूनच कळेल की दुखणं पंख्याचं आहे. गाडी पळत असते तेव्हा समोरचा वारा रेडिएटरमधून आपसूक जातो, पंखा बंद असला तरी इंजिनाला पत्ता लागत नाही. उभ्या गाडीला मात्र पंख्याशिवाय कोणी नाही. माझा पंखा कधी लागायचा, कधी नाही. रात्री लागायचा, दुपारी रुसायचा.

काही मित्र म्हणाले, काटाच खोटा असेल. नागपुरात ही शंका कोणी उगाच घेत नाही. 30 मे 2024 ला आमच्याच शहरातल्या दोन स्वयंचलित केंद्रांवर 56 आणि 54 अंशांची नोंद झाली, देशभर बातम्या झाल्या, आणि नंतर हवामान खात्याने सांगितलं की सेन्सर बिघडले होते, त्याच दिवशी दुसऱ्या केंद्रांवर पारा 44 च्या आसपास होता. पण माझा काटा खरं बोलत होता. जास्तीच्या बाटलीत कूलंट उकळल्याचा आवाज यायचा. मग एका इलेक्ट्रिशियनकडे गेलो. त्यांनी रेडिएटरवरचा फॅन स्विच बदलला. फरक पडला नाही. मीटर लावला, पंख्याच्या सॉकेटमध्ये पूर्ण 12 व्होल्ट दिसले. "वायरिंग ओके आहे, मोटर गेली," असं त्यांचं मत पडलं. या गाडीची मोटर सहज मिळत नाही. दुसरी मिळेपर्यंत जपून चालवू, पहाटेच्या थंडाव्यात चिखलदरा गाठू, असं मी ठरवलं.

वाडीला ट्रकांची रांग होती. तिथे काटा चढला तेव्हाच परत फिरायला हवं होतं. पण रांग सुटली, वारा लागला, काटा उतरला आणि मी पुढे निघालो. गोंडखैरी, बाजारगाव, कोंढाळी. दोन्ही बाजूंना संत्र्याच्या बागा. या दिवसांत मृगाच्या बहारासाठी झाडांचं पाणी तोडून ताण दिलेला असतो, त्यामुळे पानं मलूल, कडेला वळलेली. झाड मेलं की काय असं परक्याला वाटेल. उघड्या गाडीतून मातीचा वास येत होता आणि कारंज्यापर्यंत मी पंख्याला पार विसरलो.

सत्याग्रही घाटात एक ट्रेलर आडवा झाला होता. पुढे-मागे गाड्या. दहा पावलं सरकायचं, थांबायचं. काटा तांबड्यात गेला. मी हीटर पूर्ण सोडला. इंजिनाची थोडी उष्णता केबिनमध्ये ओढून घ्यायचा तो जुना उपाय आहे. मे महिन्यात पायांवर हीटर घेऊन आम्ही दोघे पंधरा मिनिटं बसलो. शेवटी बॉनेटच्या फटीतून वाफ आली तेव्हा गाडी कडेला लावून चावी बंद केली. मावसभाऊ रेडिएटरचं झाकण उघडायला निघाला, त्याचा हात धरला. झाकणाखाली दाब असतो, म्हणूनच आतलं पाणी शंभराच्या वर जाऊनही पाणीच राहतं. झाकण सैल केलं की ते सगळं एकदम तोंडावर येतं. तासभर पळसाखाली बसलो. गाडी निवली, वाट मोकळी झाली, पाणी घातलं आणि सावकाश तळेगावला उतरलो.

तळेगावच्या फाट्यावर सर्वांत आधी काय दिसलं असेल, तर कूलर. रस्त्याच्या कडेला दहा-बारा पत्र्याचे कूलर पोट उघडे टाकून उभे, मधे तांब्याच्या तारेची रिळं, आणि वायंडिंगवाले काका मांडी घालून एका मोटरीत वार्निश ओतत होते. विदर्भात मे महिन्यात डॉक्टरपेक्षा या माणसाला जास्त मान असतो. मी म्हणालो, "काका, पंखा फिरत नाही." त्यांनी मान वर न करता विचारलं, "डेझर्ट का जम्बो?" मी गाडीकडे बोट दाखवलं. ते उठले.

"पयले चाबी काढून खिशात ठेवा, भाऊ. गरम गाडीचा पंखा कवाही लागते. बोट जाईन."

मग त्यांनी पातं हाताने फिरवलं. मोकळं फिरलं. फ्यूज काढून उजेडात धरला, परत बसवला. फॅन स्विचचा प्लग काढून त्याच्या दोन टोकांत तारेचा तुकडा घातला आणि मला चावी फिरवायला सांगितली. आत कुठेतरी टक् आवाज झाला. "रिले बोलला. मंग स्विचचं काई नाई, रिलेचं बी काई नाई." पंखा मात्र गप्प. मी त्यांना सांगितलं की सॉकेटमध्ये 12 व्होल्ट आहेत, मीटर लावून बघितलंय, मोटर गेली आहे.

ते दुकानात गेले आणि ट्रॅक्टरच्या हेडलाइटचा बल्ब घेऊन आले. त्याला दोन तारा जोडलेल्या. मोटरीचा प्लग काढला, त्या तारा सॉकेटच्या दोन टोकांत खुपसल्या. बल्बची तार निखाऱ्यासारखी जेमतेम लाल झाली, उजेड नाही. मग एक तार सॉकेटच्या प्लसमध्ये तशीच ठेवून दुसरी सरळ बॅटरीच्या मायनसला लावली. बल्ब डोळे दिपवून पेटला.

"करंट येऊन रायला. वापस जाऊन नाई रायला." काळ्या तारेवर बोट ठेवून ते म्हणाले, "मीटरले एक धागा बी पुरते. पंख्याले नाई पुरत."

हे वाक्य मी त्या दिवसापासून बऱ्याच जणांना सांगितलं आहे. मीटर स्वतः जवळजवळ वीज पीत नाही, त्यामुळे तारेतला एकच धागा शाबूत असला तरी तो पूर्ण 12 व्होल्ट दाखवतो आणि त्या अर्थाने खरंच बोलतो. पंखा लागला की दहा-पंधरा अँपिअर मागतो. तेवढं ओझं त्या एका धाग्यावर पडलं की व्होल्टेज तिथेच संपतं. म्हणून तपासताना ओझं टाकून तपासायचं, आणि त्यासाठी हेडलाइटच्या बल्बसारखं स्वस्त हत्यार नाही.

काळी तार हेडलाइटमागच्या एका पट्टीला स्क्रूने बसवलेली होती. काकांनी त्या पट्टीजवळ बॉनेटवर टिचकी मारली. ठक् असा लाकडासारखा आवाज आला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "हे तं प्लास्टिक हाय! अर्थ कुठून भेटन इले?" इतर गाड्यांत पत्र्याची बॉडी हीच परतीची वाट असते, तार जवळच्या पत्र्याला टेकवली की झालं. फायबरच्या गाडीत ती वाट नसते. प्रत्येक दिव्याची, हॉर्नची, पंख्याची वीज वेगळ्या तारेने चेसीपर्यंत परत न्यावी लागते, आणि ती एक तार थकली की सगळं थकलं. त्या पट्टीपासून चेसीकडे जाणारी तार त्यांनी ब्लेडने सोलली. आत तांबं नव्हतंच म्हणा. हिरवी भुकटी, आणि तिच्यात दोन-तीन काळपट धागे. वीस-पंचवीस पावसाळ्यांचं पाणी आवरणाच्या आत झिरपत गेलेलं. रात्री ते धागे एकमेकांना टेकत असावेत, दुपारी तापून सुटत असावेत. वरून बघताना तार नव्यासारखी होती.

एका जुन्या ट्रॅक्टरची जाड केबल त्यांच्याकडे पडून होती. तिचा हातभर तुकडा, दोन्ही टोकांना लग, हातोडीने चेपून वर कथिलाचा डाग. एक टोक पंख्याच्या मायनसला, दुसरं चेसीच्या बोल्टला, आणि तो बोल्ट आधी पॉलिश पेपरने चांदीसारखा घासून. चावी फिरवली. पंखा असा गरजला की शेजारच्या कूलरवर बसलेली कोंबडी उडाली.

काकांना एवढ्यावर समाधान नव्हतं. वर्तमानपत्राचा कपटा घेऊन त्यांनी रेडिएटरच्या समोर धरला. कागद जाळीला चिकटून राहिला. "खेचून रायला. बराबर." कूलरच्या मोटरीच्या दोन तारा अदलाबदल केल्या तर काही बिघडत नाही, पण गाडीच्या डीसी मोटरीच्या बदलल्या तर ती उलटी फिरते आणि समोरून येणाऱ्या वाऱ्यालाच ढकलत बसते, हे त्यांनी मला समजावून सांगितलं. दीडशे रुपये घेतले, केबलसकट. मी जास्त देऊ लागलो तर म्हणाले, "वापस याच रस्त्यानं येसान नं? मंग थांबा."

पुढचा प्रवास लवकर आटपला. मोझरीला तुकडोजी महाराजांच्या गुरुकुंज आश्रमात पाणी प्यायलो, अमरावतीत जेवलो, परतवाडा ओलांडलं तेव्हा उन्हं कलली होती. मेळघाटातला साग पूर्ण निष्पर्ण, त्याची वाळकी पानं रस्त्यावर खडखडत होती. मग चढ. पहिला गिअर, दुसरा, पुन्हा पहिला. एका वळणावर एसटी खाली येत होती म्हणून थांबलो. काटा मधल्या रेघेच्या जरा वर सरकला, पंखा लागला, रेघेवर परत आला, पंखा थांबला. मी मावसभावाला म्हणालो, पुन्हा थांबूया. आम्ही मुद्दाम अजून दोनदा थांबलो, फक्त ते ऐकायला.

चिखलदरा सुमारे 1,100 मीटर उंचीवर आहे. तिथे रात्री अंगावर पांघरूण घ्यावं लागलं. दुसऱ्या दिवशी गाविलगडाच्या दरवाजाखाली गाडी उभी केली. 15 डिसेंबर 1803 ला वेलस्लीच्या फौजेने हा किल्ला घेतला, तेव्हा तोफा या डोंगरातून ओढून आणल्या होत्या. त्या चढावर माणसांचं आणि बैलांचं काय झालं असेल ते आदल्या दिवशीच्या घाटानंतर थोडंफार डोळ्यासमोर येत होतं.

परतताना दुपारी एकला तळेगावला थांबलो. फाट्यावर झळा उठत होत्या आणि कूलर वीसेक झाले होते. काकांनी हातातलं काम खाली ठेवलं, मला गाडी चालूच ठेवायला सांगितली आणि पंखा लागायची वाट पाहत बॉनेटपाशी उभे राहिले. पंखा लागल्यावर घड्याळात बघून पाच मिनिटं जाऊ दिली. मग चावी बंद करवून अंगठा आणि बोट त्या लगवर ठेवलं. जोड कच्चा असेल तर तो तापतो.

"थंडा हाय," ते म्हणाले. "जा आता."