गणपतीआधीचे पैसे

डोळखांब, ता. शहापूर
अक्षय्य तृतीयेनंतरचा सोमवार

चि. मुक्ता हिस अनेक आशीर्वाद.

तुझी यादी मिळाली. शिया बटर, आर्गन तेल, लव्हेंडर, गुलाबी माती, शिकेकाई, रिठा, नागरमोथा, मुलतानी माती, आणि सगळ्यात शेवटी, ‘मावशी, तुमच्याकडे जंगलात जे काय मिळेल ते.’ ही शेवटची ओळ तू पहिली लिहायला हवी होतीस. ती शेवटी आली म्हणून हे पत्र लांबणार आहे, तेव्हा चहा घेऊन बस.

शियापासूनच सुरू करू, कारण त्यावर तू सगळ्यात जास्त पैसे घालवणार आहेस. पश्चिम आफ्रिकेत, घाना आणि बुर्किना फासोसारख्या देशांत, बायका झाडाखाली पडलेली फळं वेचतात, बिया उकडून, वाळवून, फोडून त्यातून ते लोणी काढतात. गंमत अशी की ते झाड आणि आमच्या बांधावरचा मोह एकाच कुळातले. डहाणू-घोलवडचा चिकूही त्याच कुळातला. म्हणजे तू समुद्रापलीकडून जी शिया मागवतेस, तिची सख्खी नाही तरी चुलत बहीण शेणव्यापासून डेहण्यापर्यंत रस्त्याच्या दोन्ही अंगांना उभी आहे.

मोहाची फुलं तुला ठाऊक आहेत, लहानपणी तू त्यांचा वास आला की नाक मुरडायचीस. फाल्गुन-चैत्रात ती पहाटे टपटप गळतात. जे गळतं आणि बायका वेचतात तो फक्त रसाळ पाकळ्यांचा पेला. फळ धरायचं ते वर फांदीवर धरतंच. त्यामुळे फुलं वेचली म्हणून बी कमी होत नाही. ज्येष्ठात फळं पिकायला लागतात आणि त्यातून निघते मोहटी, म्हणजे तेलाची बी. घाण्यावर चार किलो मोहटीला साधारण किलोभर तेल येतं, बी नीट वाळलेली असेल तर थोडं जास्त. थंडीत त्या तेलाचा डबा उलटा केला तरी थेंब पडत नाही, इतकं ते थिजतं. ठाकर आणि कातकरी घरांत ते पूर्वी दिव्यात जळायचं, भाजीत पडायचं आणि पायाच्या भेगांना लागायचं.

आता त्याचे गुणदोष ऐक. ते शियाइतकं घट्ट नाही, कारण शियाला घट्टपणा देणारं स्टिअरिक आम्ल यात जवळजवळ निम्मंच असतं. वास उग्र, रंग पिवळट. नुसत्या मोहाचा साबण केलास तर अंगाला मऊ लागेल पण फेस येणार नाही आणि गिऱ्हाईक म्हणेल, हा साबण आहे की मेण? म्हणून त्यात खोबरेल घाल. सातशे ग्रॅम मोहाचं तेल आणि तीनशे ग्रॅम खोबरेल, असं धर. मोहाच्या किलोला साधारण १३५ ग्रॅम आणि खोबरेलाच्या किलोला १८३ ग्रॅम कॉस्टिक सोडा लागतो. दोन्हींची बेरीज कर आणि त्यातून पाच टक्के वजा कर, म्हणजे थोडं तेल साबणात मोकळं राहील. घाण्याचं तेल दर खेपेला सारखं नसतं, म्हणून नव्या डब्याचा पहिला साबण छोटा कर. सोडा पाण्यात टाकायचा, पाणी सोड्यावर ओतायचं नाही. हातमोजे आणि चष्मा याबाबत मी काही ऐकून घेणार नाही. साबणाला हळदीचा पिवळा रंग हवाय असं लिहिलंयस, ते विसर. क्षारात हळद लाल होते. आपलं कुंकू त्याच युक्तीने होतं.

लव्हेंडरच्या जागी काय, तर नागरमोथा. तू तो काष्ठौषधीच्या दुकानातून पुड्या बांधून आणतेस. आमच्याकडे भाताच्या बांधावर लव्हाळा माजतो, आणि शेतकरी त्याला शिव्या देत उपटतो. उपटला की मुळाशी काळ्या गाठी निघतात, त्यांना वास येतो तोच तुझ्या दिवाळीच्या उटण्याचा वास. इथे त्या बेणणीच्या कचऱ्यात जातात. धुऊन, केसाळ मुळं जाळून, उन्हात कडकडीत वाळवायच्या. मात्र ज्या शेतात तणनाशक मारलंय तिथल्या घ्यायच्या नाहीत, हे विचारल्याशिवाय कळत नाही आणि दुकानदार तर सांगूच शकत नाही.

शिकेकाई आणि रिठा यांचा विचार वेगळा आहे, आणि माझं खरं म्हणणं तिथेच आहे.

शिकेकाई म्हणजे काटेरी वेल. झाडावर चढते, तिच्या काट्यांना आकड्यासारखा बाक असतो, हात घातला की बाहेर काढताना ओरखडा ठरलेलाच. शेंगा माघ-फाल्गुनापासून वाळू लागतात. रिठेही त्याच सुमारास पिकून पडतात. घेताना नेहमी अख्खी शेंग घे, पूड कधीच नको. पुडीत काय काय दळलंय ते देवालाही कळत नाही. चांगली शेंग सुरकुतलेली, बियांच्या मधे चिमटलेली आणि हलवली तर खुळखुळणारी असते. रिठ्याची टरफलंच कामाची, आतली काळी गोटी काढून टाकायची. आणि रिठ्याचं पाणी डोळ्यांत गेलं तर पोरं घर डोक्यावर घेतात, ते बाटलीवर मोठ्या अक्षरात लिही.

आता प्रश्न असा की ह्या शेंगा काढायच्या कोणी? माघ ते वैशाख म्हणजे वीटभट्टीचा हंगाम. आमच्या वाड्यांवरची कातकरी घरं दिवाळी झाली की भिवंडी-कल्याणकडच्या भट्ट्यांवर जातात, पोराबाळांसकट, आणि पाऊस पडायच्या बेताला परततात. ज्यांना शिकेकाईचा प्रत्येक वेल माहीत आहे, कुठल्या वळणावर कुठला रिठा आहे हे ठाऊक आहे, ती माणसं शेंगा वाळतात त्या महिन्यांत इथे नसतातच. भट्टीवाला त्यांना भर पावसाळ्यात, घरातले दाणे संपलेले असतात तेव्हा, उचल देतो. उचल घेतली की दिवाळीनंतर जाणं आलं. ही वेठबिगारीच, आणि ती बंद करणारा कायदा १९७६चा. ठाणे जिल्ह्यात विवेक पंडितांच्या श्रमजीवी संघटनेने तो अंमलात आणायला कितीतरी वर्षं झगडा केला. तरी उचल चालूच आहे, फक्त तिची भाषा गोड झालीय.

या लोकांचं आणि जंगलाच्या मालाचं नातं काही आजचं नाही. खैराच्या लाकडापासून कात काढणं हा कातकऱ्यांचा पिढीजात धंदा. इंग्रजांच्या वनकायद्यांनी खैर त्यांच्या हातातून काढून घेतला आणि माणसं कोळशाच्या आणि विटांच्या भट्ट्यांवर मजुरीला गेली. आज महाराष्ट्रात अतिअसुरक्षित आदिवासी जमाती तीन मानल्या जातात, कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड. त्यांतली एक आमच्या शेजारी राहते आणि तुझ्या शिकेकाईचं सगळं ज्ञान तिच्याकडे आहे.

आता तू म्हणशील, मावशी, मी साबण करायला निघाले आणि तू मला समाजकारण शिकवतेस. नाही गं. शहापुरातच हे घडून गेलंय म्हणून सांगते. करोनाच्या काळात गुळवेलीची मागणी एकदम वाढली. सुनील पवार नावाच्या कातकरी तरुणाने आपल्या मित्रांना घेऊन इथली गुळवेल गोळा करायला, वाळवायला, विकायला सुरुवात केली होती. त्यांची आदिवासी एकात्मिक सामाजिक संस्था पुढे केंद्राच्या वनधन योजनेत आली. डाबर आणि हिमालया यांसारख्या कंपन्यांकडून दीड कोटी रुपयांच्या घरातल्या मागण्या आल्या, हे २०२१ साली सरकारनेच जाहीर केलं. १ मे २०२० रोजी सरकारने ४९ गौण वनोपजांचे किमान आधारभाव वाढवले होते, त्याचाही हातभार लागला. आधी हीच वेल व्यापारी सांगेल त्या भावाने जायची.

मला त्यात सगळ्यात जास्त काय आवडलं असेल, तर तोडायची पद्धत. गुळवेल जाणता माणूस बुडापासून ओरबाडत नाही. खालचा भाग ठेवतो, वरची जाड कांडं घेतो. वरच्या फांदीवर अडकून राहिलेला तुकडासुद्धा खाली लांब मुळ्या सोडतो आणि जमिनीला टेकला की पुन्हा जगतो. ज्याला पुढच्या वर्षी त्याच झाडाकडे यायचंय तोच असं तोडतो. रोजावर आणलेला परका माणूस वेल ओढून गोणीत भरतो आणि जातो. तुझी शिकेकाई कोणी तोडली यावर पुढच्या वर्षी शिकेकाई असेल का हे ठरतं. त्यामुळे भाव विचारताना ‘किलोला किती’ एवढंच विचारू नकोस, ‘कोण तोडतंय’ हेही विचार.

कायद्याची बाजू थोडक्यात. २००६च्या वनहक्क कायद्याने पूर्वापार गोळा होत आलेल्या गौण वनोपजावर वनवासी लोकांची मालकी मान्य केली आहे. शहापूर तालुका अख्खा अनुसूचित क्षेत्रात येतो, मुरबाडचा काही भागही, म्हणून पेसा कायद्याने ग्रामसभेचा शब्द इथे महत्त्वाचा. माल गोळा करणाऱ्यांच्या गटाकडून, पावती करून घे. तानसा अभयारण्याच्या हद्दीतला माल कुणी स्वस्तात देतो म्हणाला तरी नको. आणि तू विकायला लागलीस की १९४०च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याखालचे २०२०चे सौंदर्यप्रसाधन नियम तुलाही लागू होतात. परवान्यासाठी अन्न व औषध प्रशासनाकडे जावं लागेल. घरगुती आहे म्हणून सूट नाही. तुझ्याच डोंबिवलीत ज्यांचा कारखाना आहे त्या विकोच्या हळदीच्या क्रीमवरून, ते औषध की प्रसाधन, हा उत्पादन शुल्काचा वाद कितीतरी वर्षं कोर्टात चालला. केशवराव पेंढरकरांनी १९५२ साली सुरू केलेल्या त्या कंपनीला वकील परवडले. तुला परवडणार नाहीत.

आता जे आमच्याकडचं नाही त्याविषयी. मुलतानी माती राजस्थानातून येते, बाडमेरकडून, ती तशीच लिही. ‘सह्याद्रीची माती’ असं सुंदर नाव देऊ नकोस. ओठांच्या मलमाला घट्टपणा हवा तर रत्नागिरी-सिंधुदुर्गातलं कोकमतेल माग, ते अंगाच्या उष्णतेला मऊ होतं आणि मोहाला जे जमत नाही ते त्याला जमतं. कोकणात बायका ते मुठीत वळून गोळे करून ठेवायच्या, भेगांसाठी. सुगंध आणि सोडा तुला मुंबईत प्रिन्सेस स्ट्रीटलाच घ्यावे लागतील, त्यात लाजण्यासारखं काही नाही. तेल मात्र खुरासणीचंही बघ. वरकस जमिनीवर आमच्याकडे नाचणी-वरईबरोबर ती पेरतात, तेल पातळ असतं आणि मालिशला छान. करंजाचं तेल खरजेला लावायचे, पण त्याचा वास झाकायला तुला अत्तराची नदी लागेल, म्हणून मी त्याची शिफारस करत नाही. आणि ताज्या कोरफडीचा गर घालून केलेलं काहीही बाटलीत भरून पाठवू नकोस, पाणी आलं की बुरशी आली. सुरुवात कोरड्या गोष्टींनी कर. उटणं, शिकेकाई, साबण.

म्हणून यादी फेकून दे आणि कॅलेंडर घे. आषाढाच्या पानावर मोहटी लिही, श्रावण-भाद्रपदात बेणणीच्या लव्हाळ्याच्या गाठी, माघ-फाल्गुनाच्या पानावर शिकेकाई आणि रिठा. ज्या महिन्यात जे आहे त्याचाच साबण त्या वर्षी होईल. गेल्या वर्षीसारखाच का नाही असं गिऱ्हाइकाने विचारलं तर खरं ते सांग. न पटणारं गिऱ्हाईक मोठ्या कंपनीकडे जाईल, जाऊ दे.

वाडीवरच्या बायकांच्या बचत गटाशी मी बोलले आहे. त्या शिकेकाई काढायला तयार आहेत, पण एका अटीवर, आणि अट त्यांनीच घातली आहे. माल मिळाल्यावर पैसे, हे त्यांना नको. भट्टीवाला उचल वाटायला गणपतीच्या सुमारास वाडीवर येतो. त्याच्या आधी तुझे आगाऊ पैसे गटाच्या खात्यात आले तर सात-आठ घरांतल्या बायका आणि म्हातारी माणसं तरी भट्टीवर न जाता मागे राहतील, असं त्यांचं म्हणणं. मला ते बरोबर वाटतं. माघापर्यंत थांबायची तुझी तयारी असेल तर किती किलो हवं ते आकड्यात कळव, अंदाजे नको. मोहटीचं तेल मी आषाढात काढून ठेवते, डबे तू पाठव, पत्र्याचे, प्लॅस्टिकचे नकोत.

तुझी,
मावशी