गोल चक्कर

नव्या दिल्लीत कुणालाही पत्ता विचारा, उत्तरात हा गृहस्थ येणारच. ‘सीधे जाइए, गोल चक्कर आएगा, वहाँ से तीसरा कट.’ सांगणाऱ्याच्या आवाजात ठाम खात्री असते. चुकायचं असतं ते आपल्याला. मग गोल चक्कर येतो. त्याला पाच-सहा तोंडं असतात. प्रत्येक तोंडाशी तशीच पांढरी भिंत, भिंतीआड तसाच बैठा बंगला, फाटकावर तसाच बंदूकधारी पहारेकरी. तिसरा कट कुठून मोजायचा हे सांगणारा मागे राहिलेला असतो, आणि पहारेकऱ्याला विचारावं तर तो परवाच बिहारहून किंवा मणिपूरहून बदलून आलेला.

दिसायला हा मोठा टापटिपीचा. मध्ये हिरवळ, कडेने ठेंगणी कुंपणझाडं, हिवाळ्यात फुलांचे ताटवे. अलीकडे फेब्रुवारीत ट्यूलिपसुद्धा. नवी दिल्ली नगरपालिका परिषदेचे माळी त्याची हजामत नियमाने करतात. पण त्याचा देखणेपणा लांबून पाहण्याचा. त्या हिरवळीवर जाऊन बसायचं तर आधी धावत्या गाड्यांच्या तीन रांगा जीव मुठीत धरून ओलांडायच्या. पायी चालणाऱ्याशी तर त्याचं उघड वैर आहे. समोर दिसणाऱ्या रस्त्याला लागण्यासाठी मधल्या प्रत्येक रस्त्याचं तोंड पार करत अर्धा वळसा घालावा लागतो. पुण्यातल्या एखाद्या चौकात चहाची टपरी असते, पेपरवाला असतो, मंडळाचा फलक असतो, उगाच उभे असलेले दोघे-तिघे असतात. इथे यातलं काही नाही. दुकान नाही, बाकडं नाही, ओटा नाही. थांबणाऱ्याकडे संशयाने पाहिलं जातं.

इथून तीन-चार किलोमीटरवर याच शहरात याच्या अगदी उलट स्वभावाचा एक म्हातारा आहे. शाहजहानची मुलगी जहाँआरा हिने १६५० च्या सुमाराला बांधवून घेतलेला चांदणी चौक. तिथे मध्ये पाण्याचा हौद होता, भोवती दुकानं होती. हौद कधीच बुजला, पण माणसं अजून तिथून हटायला तयार नाहीत. चौक माणसांना धरून ठेवतो. गोल चक्कर त्यांना पुढे ढकलतो. साहेबाला तेच हवं होतं, असं माझं मत आहे.

याची जन्मकथा सरकारी आहे. १२ डिसेंबर १९११ ला दिल्ली दरबारात पाचव्या जॉर्जने राजधानी कोलकात्याहून दिल्लीला हलवण्याची घोषणा केली. एडविन लट्यन्स आणि हर्बर्ट बेकर यांनी रायसीना टेकडीभोवती नवं शहर मांडलं आणि १९३१ मध्ये त्याचं उद्घाटन झालं. लट्यन्सचा जीव भूमितीत रमलेला. नकाशावर ३० आणि ६० अंशांचे कोन सगळीकडे विखुरलेले दिसतात. टेकडीवरचे सरकारी वाडे, इंडिया गेट आणि कॅनॉट प्लेस ही तीन टोकं जोडली तर जवळजवळ समभुज त्रिकोण होतो. आता साठ अंशांनी रस्ते एकमेकांना मिळू लागले की एका ठिकाणी सहा रस्ते येऊन भिडतात आणि मधले कोपरे सुरीसारखे टोकदार होतात. हे भांडण मिटवायला मध्यस्थ लागतो. तो मध्यस्थ म्हणजे आपला गोल चक्कर. कोपरे त्याने पोटात घेतले. शिवाय प्रत्येक लांबलचक रस्त्याच्या शेवटी नजरेला काहीतरी भव्य दिसावं, ही जबाबदारीही त्याच्याकडेच आली.

त्याचं गोत मोठं आहे आणि त्यात गरीब-श्रीमंत हा भेद आहे. सगळ्यात थोरला कॅनॉट प्लेस. रॉबर्ट टॉर रसेल या वास्तुविशारदाने तो आखला आणि १९३३ च्या सुमाराला तो पुरा झाला. आतलं, मधलं आणि बाहेरचं अशी त्याची तीन कडी. कागदोपत्री त्याचं नाव १९९५ पासून राजीव चौक. ते मेट्रोच्या तोंडी बसलं, लोक मात्र ‘सीपी’ म्हणतात. एवढा पैसेवाला आणि बोलका, पण खानदानी खोड सुटलेली नाही. पांढऱ्या खांबांची ती ओसरी जिकडून पाहावी तिकडून सारखीच दिसते. एफ ब्लॉकपासून निघालेला माणूस ए ब्लॉक शोधत पूर्ण फेरी मारून पुन्हा एफपाशी येतो, तेव्हा त्याला आपलं वय आठवतं.

दुसरा इंडिया गेटभोवतीचा. हा खरं तर गोल नाही, षटकोनी आहे, आणि संस्थानिकांचा शेजारी. हैदराबाद, बडोदा, बिकानेर, जयपूर, पतियाळा या सगळ्यांनी त्याच्या आसपास वाडे बांधले. कोपऱ्यावरच्या जागा तिरक्या असल्याने लट्यन्सने हैदराबाद हाऊसला फुलपाखरासारखे पंख दिले. गायकवाडांचं बडोदा हाऊसही त्याचंच. आज तिथे उत्तर रेल्वेचं मुख्यालय आहे. इंडिया गेटजवळच्या छत्रीखाली पाचव्या जॉर्जचा पुतळा होता, तो १९६८ मध्ये हलवला गेला. त्यानंतर अर्ध्या शतकाहून अधिक काळ छत्री रिकामी होती आणि २०२२ मध्ये तिथे नेताजी सुभाषचंद्र बोस आले.

गरीब नातेवाईक गोल मार्केटकडे. नवी दिल्ली आखताना घरं हुद्द्याप्रमाणे वाटली होती. मोठे साहेब टेकडीच्या सावलीत, कारकून लांब. कारकुनांच्या त्या वस्तीला आजही पत्त्यात ‘डीआयझेड एरिया’ लिहितात. म्हणजे दिल्ली इम्पीरिअल झोन. साम्राज्य गेलं, पिनकोडाशेजारी शिल्लक राहिलं! तिथल्या चक्कराच्या पोटात १९२१ चा बाजार आहे. नाव गोल, पण इमारत बाराकोनी. दिल्लीत आलेल्या जुन्या मराठी सरकारी नोकरांच्या आठवणी मात्र या वर्तुळांत फारशा सापडणार नाहीत. त्या पहाडगंजात आणि करोलबागेत, जिथे गल्लीला गल्ली लागते, तिथे नूतन मराठी शाळेच्या आसपास आहेत. रेल्वेने मात्र दोन मराठी नावं जपली आहेत. मिंटो ब्रिजच्या छोट्या स्टेशनाचं नाव शिवाजी ब्रिज आणि पलीकडच्याचं टिळक ब्रिज. पावसाळ्यात पुलाखाली बस बुडाली की बातमीत मिंटोच येतो, ते एक बरंच आहे.

याच्या पोटात कोण कोण राहतं हे पाहिलं की हा वाटतो तितका कोरडा नाही. हजरत निजामुद्दीनपाशी मथुरा रोडवरच्या चक्करात सब्ज बुर्ज ही मुघलकाळातली कबर उभी आहे. नावात हिरवा, घुमट निळा. इंग्रजांच्या अमलात काही काळ तिथे पोलीस ठाणं होतं. तीन मूर्तीच्या चक्करात जोधपूर, हैदराबाद आणि म्हैसूरच्या घोडदळाचे तीन सैनिक उभे आहेत, पहिल्या महायुद्धातल्या लढायांच्या स्मरणार्थ. तिथून काही अंतरावर दांडीयात्रेचं शिल्प आहे, त्याला दिल्ली ‘ग्यारह मूर्ती’ म्हणते. पुतळा कुणाचा हे वाचण्यापेक्षा मोजणं सोपं, हा या गावाचा जुना हिशेब.

आणि सुनहरी बागेची मशीद. उद्योग भवनाजवळच्या चक्करात ती नवी दिल्ली आखण्याआधीपासून आहे. रस्ते तिच्याभोवती वळवले गेले. संविधान सभेचे सदस्य मौलाना हसरत मोहानी दिल्लीत आले की सरकारी निवास नाकारून इथे उतरत, असं सांगतात. खासदारांच्या बंगल्यांच्या गराड्यात हा एक पाहुणा मुक्काम करी, हे मला फार आवडतं.

चक्करात हरवू नये म्हणून एक उपाय आहे, आणि तो पाट्यांवर नाही, डोक्यावर आहे. विल्यम मस्टो या उद्यानतज्ज्ञाच्या देखरेखीखाली रस्त्यारस्त्याला बहुतेक एकाच जातीचं झाड लावलं गेलं. अकबर रोडला चिंच, जनपथला अर्जुन, लोधी रोडला कडुनिंब, अशोक रोड आणि तुघलक रोडला जांभूळ. अमृता शेरगिल मार्गावर बहावा, तो मे महिन्यात पिवळा पेटला की पाटी वाचायची गरज उरत नाही. रस्त्यांची नावं बदलतात. औरंगजेब रोडचा २०१५ मध्ये डॉ. एपीजे अब्दुल कलाम रोड झाला. झाडं बदलत नाहीत. जूनअखेरीला जांभळं उतरवणारे फांद्या हलवतात, खाली चौघं जण ताडपत्री ताणून धरतात, आणि त्या चार दिवसांत फुटपाथवर खरोखर वस्ती होते. बाकी साऱ्या वर्षात इतकी माणसं या रस्त्यांवर पायी दिसत नाहीत.

अपवाद एकच, मंडी हाऊस. मंडीच्या राजाचा वाडा गेला, नाव राहिलं. राष्ट्रीय नाट्य विद्यालय, कमानी सभागृह, श्रीराम सेंटर, त्रिवेणी हे सगळे याच्या अवतीभवती असल्यामुळे हा चक्कर थांबायला शिकला. संध्याकाळी चहाचे ग्लास हातात घेऊन मुलं उभी असतात, कुणी संवाद पाठ करत असतो. नाटकवाल्या मराठी माणसाला दिल्लीत पहिला पाठ होतो तो हाच. इथून इंडिया गेटकडे जाणाऱ्या रस्त्याचं नाव कोपर्निकस मार्ग आहे आणि जुनं महाराष्ट्र सदन त्यावरच. एवढी वर्तुळं असलेल्या गावात कोपर्निकसची आठवण कुणाला झाली, त्याचं कौतुक करायला हवं.

हा गृहस्थ पूर्ण शांत कधी होतो? ‘रूट लगा है’ असं पोलीस म्हणतो तेव्हा. शिटी वाजते, सगळी तोंडं बंद होतात, आणि कुणीतरी मोठा माणूस मोकळ्या वर्तुळातून सुळकन निघून जातो. लट्यन्सने नकाशा काढला तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढे रोजचंच असं चित्र असावं.

आता मात्र याची गत अवघड आहे. याचा मूळ कायदा साधा होता: आत असलेल्याचा मान आधी, उजवीकडून येणाऱ्याला वाट द्यायची. दिल्लीने तो कधी मानला नाही. म्हणून मोठ्या चक्करांवर सिग्नल बसवले गेले. म्हणजे गोल फिरायचं, तेही लाल दिव्याला थांबत. वर्तुळात अडकलेल्या गाड्यांना मागचेही हटू देत नाहीत आणि पुढचेही. डिसेंबर २०२३ मध्ये वाहतुकीचं कारण पुढे करून सुनहरी बाग मशीद हटवण्याबाबत नगरपालिका परिषदेने लोकांच्या सूचना मागवल्या आणि प्रकरण न्यायालयात गेलं. वाहतूक पोलीस म्हणतात चक्कर अपुरा पडतो, वारसावाले म्हणतात हात लावाल तर खबरदार. या वादात चक्कराला कुणी विचारत नाही. मधल्या गाड्या हॉर्न मात्र त्याच्याच नावाने वाजवतात.