वसमत ते बीदर : एका मदरशाच्या भेटीला

सुट्टीत कुठे जायचे यावर आमच्या घरात दरवर्षी चर्चा होते आणि दरवर्षी आम्ही परभणीला नणंदेकडे चार दिवस राहून परत येतो. या दिवाळीच्या सुट्टीत मात्र नववीतल्या मुलीने हट्ट धरला. बहमनी राज्याबद्दल वाचल्यापासून तिला बीदर पाहायचे होते. आमच्या सासूबाईंनी, म्हणजे मुलांच्या दादींनी, लगेच तिची बाजू घेतली. त्यांचे वडील निजामाच्या राजवटीत बीदरला कारकून होते. 1956 पर्यंत बीदर आणि आपला भाग एकाच हैदराबाद राज्यात होता. आज ते कर्नाटकात आहे, म्हणून आपल्याला परके वाटते एवढेच.

वसमतहून पहाटे पूर्णेला आलो आणि तिथे बंगळूरकडे जाणारी गाडी पकडली. परभणी, गंगाखेड, परळी, लातूर रोड, उदगीर, भालकी आणि मग बीदर असा हा रस्ता आहे. गंगाखेडला गोदावरीचा पूल आला तेव्हा मुले खिडकीला चिकटली. परळी गेल्यावर भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि रात्रीचा खिमा बाहेर निघाला. समोरच्या बाकावरच्या आजींनी आम्हाला करंज्या दिल्या. त्या भालकीला लेकीकडे निघाल्या होत्या. भालकी स्टेशनवर पाटी कानडी होती, पण फलाटावर बोलणे बरेचसे मराठीच ऐकू येत होते. तिथून पुढे आपली काळी माती मागे पडते आणि जमीन तांबडी होत जाते. दादी म्हणाल्या, "अब्बांच्या जोड्यांना हीच लाल माती लागलेली असायची."

बीदरमध्ये पाहण्यासारखे पुष्कळ आहे. किल्ला आहे, किल्ल्यात सोळा खांब मशीद आहे, शिंपल्यांची नक्षी असलेला रंगीन महाल आहे. अष्टूरला बहमनी सुलतानांचे घुमट आहेत. त्यांतल्या अहमदशाह वली यांच्या मजारवर हिंदू आणि मुसलमान दोघेही येतात. पण मी शिक्षिका. माझे पाय पहिल्यांदा वळले ते महमूद गवान यांच्या मदरशाकडे.

शहराच्या मधोमध चौबारा नावाचा गोल बुरूज आहे. तिथून किल्ल्याकडे जाताना वाटेत हा मदरसा लागतो. महमूद गवान हे इराणच्या गीलान प्रांतातले. 1453 मध्ये व्यापारी म्हणून आपल्या कोकणातल्या दाभोळ बंदरात उतरले, बीदरला आले आणि पुढे बहमनी राज्याचे वजीर झाले. 1472 मध्ये हा मदरसा बांधून पूर्ण झाला. इमारत तीन मजली. विद्यार्थ्यांच्या राहण्यासाठी 36 खोल्या, शिक्षकांची निवासस्थाने, वर्ग, मशीद आणि तीन हजार हस्तलिखितांचा कुतुबखाना. आजच्या भाषेत सांगायचे तर हे निवासी महाविद्यालयच होते.

आता एकच मिनार उभा आहे. त्यावर निळ्या, हिरव्या, पिवळ्या फरशांचे तुकडे अजून चमकतात. दर्शनी भागाचा दुसरा भाग कोसळलेला आहे. मोगलांच्या काळात या इमारतीत दारूगोळा साठवला होता आणि सतराव्या शतकाच्या शेवटी त्याचा स्फोट झाला. जिथे पुस्तके होती तिथे दारू ठेवली की काय होते, हे मुलांना समजावून सांगावे लागले नाही. आम्ही एका छोट्या खोलीच्या उंबऱ्यावर बसलो. सहावीतल्या मुलाने विचारले, "अम्मी, यांना पण गृहपाठ असायचा का?" सगळे हसले.

संध्याकाळी रिक्षा करून शहराबाहेर गवानांच्या कबरीवर गेलो. वजिराची कबर म्हणून मुलांनी मोठा घुमट कल्पिला होता. तिथे तर एका चौथऱ्यावर साधी कबर होती. मुलांच्या अब्बांनी फातिहा पढली. मग मी मुलांना तो प्रसंग सांगितला.

गवानांचे दरबारात शत्रू होते. त्यांनी शिक्क्याची राखण करणाऱ्या माणसाला फितवले आणि एका कोऱ्या कागदावर गवानांचा शिक्का उमटवून घेतला. मग त्या कागदावर ओरिसाच्या राजाला राज्यावर चालून येण्याचे निमंत्रण लिहिले आणि तो कागद सुलतान तिसरा मुहम्मदशाह याच्या हाती दिला. सुलतान तेव्हा नशेत होता. त्याने गवानांना बोलावले आणि विचारले, "मालकाशी बेइमानी करणाऱ्याला काय सजा?" गवान म्हणाले, मृत्यू. तेव्हा सुलतानाने पत्र पुढे केले. शिक्का माझाच आहे, पण पत्र माझे नाही, असे ते सांगत राहिले. कोणी ऐकले नाही. 1481 च्या एप्रिलमध्ये सत्तरी ओलांडलेल्या या वजिराचे शिर उडवले गेले. ज्यांनी पत्रलेखनाच्या कलेवर फारसीत ग्रंथ लिहिला, त्यांचा जीव एका खोट्या पत्राने गेला. मागाहून त्यांची मालमत्ता तपासली तेव्हा सुलतानाच्या हाती फारसे काही लागले नाही. सत्य कळल्यावर तो फार पस्तावला आणि वर्षभरात तोही वारला.

मुलगी बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "पण अम्मी, त्याने खरं काय ते विचारलंच नाही. उत्तर आधीच ठरवून मग प्रश्न विचारला."

हे ऐकून माझ्या पोटात खड्डा पडला. कारण मला एक चिठ्ठी आठवली.

दिवाळीच्या आधी माझ्या आठवीच्या वर्गातला एक मुलगा तीन दिवस गैरहजर होता. चौथ्या दिवशी त्याने चिठ्ठी आणली. वडील आजारी होते, असे उर्दूत लिहिलेले. अक्षर वेडेवाकडे, शब्द चुकलेले, वडिलांचे नावसुद्धा चुकलेले. मी वर्गासमोर विचारले, "तूच लिहिलीस ना ही?" तो नाही म्हणाला. मी पुन्हा तेच विचारले. तो पुन्हा नाही म्हणाला. खोटे बोलतोस म्हणून मी त्याला दोन तास दाराजवळ उभे केले. पुढे आठवडाभराने शाळेच्या सेविकेकडून कळले की वडील खरोखरच अंथरुणावर होते आणि चिठ्ठी त्याच्या आईने लिहिली होती. ती कधी शाळेत गेली नव्हती. मुलाच्या पुस्तकातून ती अक्षरे शिकत होती. ती तिची पहिलीच चिठ्ठी होती.

कळल्यावरही मी काही केले नाही. माफी मागितली तर वर्गात आपला वचक राहणार नाही, असे मनात आले. तो मुलगा रोज शाळेत यायचा, पण मान वर करायचा नाही. ऐकीव गोष्ट पारखून घ्या, हे मुलांना दर वर्षी शिकवणारी मी एका चिठ्ठीचीही पारख करू शकले नव्हते.

दुसऱ्या दिवशी बिदरी काम पाहिले. जस्त आणि तांब्याच्या मिश्रणाचे भांडे, त्यात चांदीच्या तारेची नक्षी, आणि शेवटी किल्ल्यातल्या मातीच्या द्रावणात ते बुडवले की धातू काळा होतो, चांदी मात्र तशीच चमकत राहते. दादींनी एक छोटी डबी घेतली. मी कारागिराच्या हाताकडे पाहत होते, पण मन वसमतला पोहोचले होते.

बीदरला जरूर जा. दोन दिवस पुरे होतात. गाडीची वेळ आधी बघून घ्या आणि पूर्णेला गाडी बदलायची आहे हे लक्षात ठेवा. हिवाळ्यात गेलात तर किल्ला पायी फिरता येतो. मुलांना मदरशात घाई करू नका, त्यांना थोडे बसू द्या.

शाळा उघडली त्या दिवशी हजेरी झाल्यावर मी त्या मुलाला उभे केले. त्याचा चेहरा उतरला. मी वर्गाला सांगितले, "ती चिठ्ठी खरी होती. चूक माझी होती. मी याची माफी मागते." वर्ग गप्प होता. तो काहीच बोलला नाही, नुसती मान हलवून खाली बसला. संध्याकाळी मी त्याच्या घरी गेले. त्याच्या आईने चहा केला. त्या चिठ्ठीविषयी तिला काही ठाऊकच नव्हते, मुलाने घरी सांगितले नव्हते. मी सगळे सांगितले. ती पदर सावरत एवढेच म्हणाली, "बाजी, कुठले शब्द चुकले होते, ते दाखवता का?"

आता ती रविवारी वही घेऊन माझ्याकडे येते.