हौजाखालचे झरे

क्रॉफर्ड मार्केटजवळच्या जामा मशिदीत हजारो नमाजी रोज येतात, पण आपण एका तलावावर उभे आहोत, हे त्यांच्यातल्या अनेकांच्या ध्यानातही येत नाही. १७७५ मध्ये या मशिदीचे बांधकाम सुरू झाले आणि १८०२ मध्ये ते पूर्ण झाले. त्या वेळी इथे बागा आणि मोकळी जमीन होती. तलाव असलेली जागा एका कोकणी मुस्लिम व्यापाऱ्याची. मशिदीला त्याने होकार दिला तो एका अटीवर: तलाव जसाच्या तसा राहिला पाहिजे. म्हणून काळ्या दगडाच्या सोळा कमानी पाण्यातून वर उठतात आणि मशिदीचा भार पेलतात. हौजाला तळातल्या झऱ्यांचे पाणी येते. त्यात मासे फिरताना पाहून मुले हरखतात.

पश्चिमेला काही मिनिटे चालले की खारा समुद्र. मग तळात गोडे पाणी कुठून?

हाच प्रश्न घेऊन आम्ही दक्षिणेकडे चर्चगेटपर्यंत चालत गेलो. तिथे क्रॉस मैदानाच्या कडेला पारशी समाजाची भिखा बेहराम विहीर आहे, १७२५ मध्ये खोदलेली. समुद्रात भर घालून पुढची जमीन तयार होण्यापूर्वीची ही गोष्ट. तेव्हा लाटा आजच्यापेक्षा फार जवळ होत्या, तरी पाणी गोड. वाळकेश्वरच्या बाणगंगेचेही तसेच.

उत्तर वजनात आहे. एक लिटर समुद्राचे पाणी गोड्या पाण्यापेक्षा सुमारे २५ ग्रॅम जड असते. पावसाचे पाणी जमिनीत मुरते आणि खालून आत आलेल्या खाऱ्या पाण्यावर तरंगून राहते. वाळूत किंवा सच्छिद्र खडकात गोड्या पाण्याची पातळी समुद्रापेक्षा एक मीटर उंच असेल, तर समुद्रसपाटीखाली सुमारे ४० मीटरपर्यंत गोडे पाणी टिकते. मुंबईचा काळा कातळ भेगांतून पाणी धरतो, म्हणून इथे दर विहिरीचा हिशेब वेगळा. नियम मात्र तोच: समुद्राला गोडे पाणीच मागे रेटून धरते. कुरआन शरीफमध्ये सूरह फुरकान आणि सूरह रहमानमध्ये दोन पाण्यांचा आणि त्यांच्यामधल्या आडपडद्याचा उल्लेख आहे. विहिरीच्या काठावर उभे राहिलो की त्याची आठवण झाल्याशिवाय राहत नाही.

ही दोन पाणी जिथे चुनखडीत भेटतात, तिथे किनाराच घडतो आणि मोडतो. पावसाचे पाणी हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आम्ल होते आणि चुना विरघळवते. नवल असे, की चुना विरघळवून तृप्त झालेली गोडी आणि खारी पाणी एकमेकांत मिसळली की पुन्हा चुना खाऊ लागतात. मेक्सिकोच्या युकातान किनाऱ्यावरच्या गुहा अशाच वाढल्या. आपला कातळ चुन्याचा नाही, तो तसा विरघळत नाही. पण कोकण किनाऱ्यावर ‘करळ’ नावाचा शिंपल्यांचा दगड सापडतो. शिंपल्यांतला चुना पाण्यात विरघळून वाळूच्या कणांमध्ये पुन्हा जमतो आणि सगळे सांधून टाकतो. एकीकडे पोखरणारे पाणीच दुसरीकडे गवंडी होते. चुनखडीला हात लावून पाहायचा असेल तर हुतात्मा चौकातले फ्लोरा फाउंटन आहे, १८६४ चे. त्याचा पोर्टलंड दगड इंग्लंडच्या किनाऱ्यावरून आलेली चुनखडीच.

गिरगाव ते दादर-माहीमपर्यंतच्या वाड्या एकेकाळी विहिरींवर जगत. १८६० मध्ये विहारचे पाणी नळाने आले. १९११ मध्ये डॉ. बेंटले यांच्या हिवतापावरील अहवालानंतर डासांच्या भीतीने अनेक विहिरी झाकल्या किंवा बुजवल्या गेल्या. विहिरी नजरेआड झाल्या, पण उपसा थांबला नाही. आज परळ-लालबागला गिरण्यांच्या जागी टॉवर उभे आहेत आणि खोल पाये खोदताना पंप लावून भूजल बाहेर काढावे लागते. टँकरही विहिरी आणि बोअरवेलवर चालतात. एप्रिल २०२५ मध्ये भूजलाच्या परवान्यांवरून टँकरवाल्यांनी बंद पुकारला, तेव्हा किती इमारती या पाण्यावर उभ्या आहेत ते दिसले.

मुरते त्याहून जास्त उपसले की वरचा थर पातळ होतो आणि खालचे खारे पाणी वर चढते. विहीर आधी मचूळ होते, मग खारी. एकदा आत शिरलेला समुद्र सहजी परत जात नाही. त्याला मागे रेटायला वर्षानुवर्षांचा पाऊस लागतो. मोठ्या भूखंडांवरील नव्या इमारतींना पावसाचे पाणी साठवणे किंवा जिरवणे मुंबईत २००२ पासून बंधनकारक आहे. आपल्या सोसायटीत ती टाकी, तो खड्डा खरेच चालू आहे का, हे या पावसाळ्याआधी विचारून पाहू या.

वाहत्या नदीकाठी बसूनही वुजूत इसराफ नको, ही शिकवण आपण मुलांना देतो. नदी निदान वाहताना दिसते. जमिनीखालचे पाणी दिसत नाही, म्हणून त्याची अमानत अधिक जपायला हवी.