दोन सीटांच्या मधली बाटली

विमानात फायर एक्स्टिंग्विशर बसवायचा म्हणजे एक ब्रॅकेट, चार बोल्ट आणि लॉगबुकातली नोंद, असं हँगरमध्ये नव्याने आलेल्या पोरांना वाटतं. सेस्ना १७२ सारख्या चार सीटांच्या विमानात त्याला वेळही फार लागत नाही. तरी हाताखालच्या मुलाला हे काम एकट्याने करायला मी उशिराच देतो. ब्रेकची पॅड बदलणं, स्पार्क प्लग साफ करणं ही कामं आधी देतो, कारण त्यांत मेन्टेनन्स मॅन्युअल बोट धरून नेतं. बाटली बसवताना मॅन्युअलसोबत माणूसही वाचावा लागतो. त्याचा हात किती लांब, पट्टा आवळल्यावर खांदा किती वळतो, घाबरल्यावर बोटं काय करतात, हे सगळं आलं.

हँगरमध्ये आम्ही एक्स्टिंग्विशरला बाटलीच म्हणतो. या बाटलीकडून दोन गोष्टी हव्या असतात आणि त्या एकमेकींच्या विरुद्ध आहेत. विमान शेतात आपटलं तरी ती जागची हलता कामा नये. आणि केबिन धुराने भरली असताना, डोळे मिटलेल्या माणसाच्या एका हाताला ती लगेच सुटून आली पाहिजे. नुसती घट्ट बसवणं सोपं, नुसती सहज सुटेल अशी ठेवणं त्याहून सोपं. दोन्ही एकत्र जमवणं हीच या कामातली कारागिरी.

आधी घट्टपणाचं बघू. अडीच पौंड हॅलॉनची, म्हणजे आग विझवणाऱ्या रसायनाची, बाटली भरून साधारण दोन किलोची होते. अमेरिकेच्या जुन्या नियमांत केबिनमधल्या वस्तूंनी पुढच्या दिशेने ९ जी, म्हणजे स्वतःच्या वजनाच्या नऊपट भार, सोसावा अशी अट होती, पुढे तो आकडा १८ जी वर गेला. म्हणजे त्या एका क्षणात दोन किलोची बाटली छत्तीस किलोच्या ओढीने नाकाकडे निघते. तिच्या वाटेत असतात वैमानिकाच्या नडग्या, रडर पेडल आणि पॅनलचा खालचा भाग. आपटण्याचंही सोडा, पावसाळ्याच्या तोंडावर दुपारी ढगाखालच्या हिसक्यात सुटलेली बाटली घरंगळत रडर पेडलखाली गेली तर आग न लागताच विमान संकटात. म्हणून वेल्क्रो, नायलॉनचे टाय, सीटच्या मागचा कप्पा यांतलं काहीही मला चालत नाही. पाइपला लावायचा स्क्रूवाला क्लॅम्प बाटली धरून ठेवतो, पण सोडायला स्क्रूड्रायव्हर मागतो. मला हवी असते धातूची रुंद पट्टी आणि एका झटक्यात उघडणारा लॅच.

ब्रॅकेटची दिशा हा भाग पोरांच्या नजरेतून नेहमी निसटतो. बाटली उभी बसवली तर ब्रॅकेटची पाठ नाकाच्या बाजूला हवी, म्हणजे पुढे जायचा सगळा भार त्या जाड पाठीवर येतो. उलटी बसवली की तोच भार पट्टीवर आणि लॅचवर पडतो. आडवी, विमानाच्या लांबीत ठेवायची असेल तर बूड पुढे आणि झडप मागे, आणि बुडाला अडवणारा ओठ ब्रॅकेटला असलाच पाहिजे. लॅच म्हणजे ब्रॅकेटमधला सगळ्यात नाजूक भाग. त्याने बाटली सोडावी एवढंच त्याचं काम, धडक सोसणं नव्हे.

आता सुटण्याचं. जागा ठरवताना मी स्वतः डाव्या सीटवर बसतो आणि कमरेचा, खांद्याचा पट्टा उड्डाणात आवळतात तसा आवळतो. सीट आधी सगळ्यात पुढच्या खाचेत, मग एकेक खाच मागे. डाव्या सीटवरच्या वैमानिकाचा डावा हात योकवर असतो, मोकळा राहतो तो उजवा. शेजारच्या इन्स्ट्रक्टरचं बरोबर उलटं. दोघांच्या मोकळ्या हातांना सारखी सापडणारी जागा म्हणजे दोन सीटांच्या मधली जमीन. लाइट गेल्यावर घरातली आजी अंधारात जशी थेट काडेपेटीवर हात ठेवते, तसा हात बाटलीवर पडला पाहिजे.

पण तिथे आधीच गर्दी असते. जमिनीवर इंधनाचा सिलेक्टर असतो. दोन्ही बाजूंना सीटचे रूळ. साठच्या दशकाच्या मध्यापर्यंतच्या १७२ मध्ये फ्लॅपचा हातदांडाही तिथेच यायचा. बाटली कुठेही ठेवा, सिलेक्टर प्रत्येक स्थितीत पूर्ण फिरतो का, मूठ बाटलीवर आपटते का, हे मी हाताने फिरवून बघतो. इंजिनाला आग लागली तर इंधन तोडायचं असतं, आणि तेव्हा बाटलीचाच अडथळा झाला तर तिच्यासारखी शत्रू नाही. काही मालक बाटली मागच्या सामानाच्या कप्प्यात ठेवतात. तपासणीच्या यादीत टिकमार्क होतो, आणि पट्ट्यात बांधलेल्या माणसाला मागे वळून ती कधीच गाठता येत नाही. असं विमान माझ्याकडे आलं की मालकाला मी सीटवर बसवतो, पट्टा लावतो आणि म्हणतो, साहेब, आता काढून दाखवा.

एकदा एका विद्यार्थिनीला अशीच बाटली काढून बघायला सांगितली होती. अंगाने लहान, पाठीमागे उशी घेऊन उडवणारी. ती म्हणाली, "सर, हात पोचतो, पण लॅच उघडत नाही." बघितलं तर लॅचची जीभ पलीकडे, उजव्या सीटकडे वळलेली होती. तिची बोटं जिभेवर टेकत होती, पण ओढायला जोर लागावा असा मनगटाचा कोनच मिळत नव्हता. पट्टी फिरवून जीभ वरच्या अंगाला, किंचित मागे घेतली. मग तिने तीच बाटली न बघता काढली, आणि नंतर उजव्या सीटवर बसून डाव्या हातानेही काढली. तेव्हापासून लॅच वरूनच उघडेल असा मी ठेवतो. हात पोचणं आणि हाताला जोर मिळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि माप घेताना दोन्ही मोजाव्या लागतात.

उन्हाचाही विचार आपल्याकडे करावाच लागतो. अशा बाटल्यांवर बहुधा ४९ अंश सेल्सियसची मर्यादा छापलेली असते. मे महिन्यात धुळ्याला किंवा बारामतीला एप्रनवर उभ्या विमानाच्या काचेखाली काय तापतं ते तिथे हात लावलेल्यांना ठाऊक आहे. पॅनलच्या वरची जागा किंवा मागच्या काचेखालचा कट्टा म्हणूनच बाद. सीटांच्या सावलीतली जमीन त्यातल्या त्यात थंड. शिवाय विमानावर कॅनोपी कव्हर घालण्याची सवय असेल तर उत्तम.

कंपनीचं किट असेल तर भोकांची जागा ड्रॉइंगमध्ये दिलेली असते. नसेल तर मंजूर ड्रॉइंग हातात येईपर्यंत ड्रिलला हात लावायचा नाही, यावर मी कुणाशी वाद घालत नाही. ड्रिलआधी चटई उचलायची, तपासणीची झाकणं उघडायची, टॉर्च आणि आरसा घेऊन खाली बघायचं. त्या पातळ ॲल्युमिनियमच्या पत्र्याखालून कंट्रोल केबली जातात, इंधनाच्या नळ्या जातात, वायरींचे जुडगे जातात. ड्रिलच्या बिटावर नळीचा तुकडा असा चढवायचा की टोक पत्र्यापलीकडे जेमतेम दोन-तीन मिलिमीटर निघेल. भोक पत्र्याच्या कडेपासून बोल्टच्या व्यासाच्या दुप्पट अंतरावर तरी हवं. एएन-३ बोल्ट पावणेपाच मिलिमीटरचा, म्हणजे मध्यापासून कडेपर्यंत जवळपास एक सेंटिमीटर. खालून पत्र्याचा जोड द्यायचा, त्याला नटप्लेट रिव्हेट करायच्या. भोक पाडल्यावर निघणारा ॲल्युमिनियमचा चुरा व्हॅक्युमने ओढायचा, हवेच्या झोताने उडवायचा नाही. उडवलेला चुरा केबलच्या पुलीत जाऊन बसतो. स्टीलचा ब्रॅकेट ॲल्युमिनियमवर टेकतो तिथे प्रायमर हवाच. जुहूच्या समुद्राच्या वाऱ्यात उभ्या राहणाऱ्या विमानात हा थर विसरलात तर काही पावसाळ्यांनी बोल्टभोवती पांढरी भुकटी दिसेल, आणि मग अठरा जींचा हिशोब करण्यात अर्थ उरत नाही.

बाटलीत काय आहे, हा वेगळा विषय, पण टाळता येत नाही. मोटारीत ठेवतात ती लाल पावडरची बाटली विमानात नको. ती पावडर बहुधा मोनोअमोनियम फॉस्फेटची असते. छोट्या केबिनमध्ये उडवली की समोरचं काही दिसत नाही, आणि नंतर पत्र्यांच्या सांध्यांत शिरून ॲल्युमिनियम खात बसते. कार्बन डायऑक्साइड आग विझवताना श्वासाची हवाही बाजूला सारतो. हॅलॉन १२११ इतकी वर्षं टिकला तो या दोन्ही अडचणी नसल्यामुळेच. तो उणे चार अंशांच्या आसपास उकळतो, त्यामुळे नळीतून धार द्रवाची निघते, लांब जाते आणि पुढे वायू होते. त्यातला ब्रोमीन ज्वाळेतली रासायनिक साखळीच तोडतो. मात्र हाच ब्रोमीन ओझोनचा थर फोडतो. १९८७ च्या मॉन्ट्रियल करारानंतर विकसित देशांत १९९४ पासून त्याचं उत्पादन थांबलं, विकसनशील देशांना २०१० पर्यंतची मुदत होती. आज मिळतो तो जुन्या साठ्यातून गोळा करून शुद्ध केलेला. २००९ मध्ये युरोपच्या विमानसुरक्षा यंत्रणेने निकृष्ट हॅलॉन भरलेल्या बाटल्या विमानांतून काढायला लावल्या होत्या. काटा हिरव्या पट्ट्यात दिसतो म्हणून निर्धास्त राहू नये. तो आतल्या नायट्रोजनचा दाब दाखवतो, हॅलॉन किती उरलाय ते सांगत नाही. ते वजनकाटा सांगतो, म्हणून माझ्या टेबलावर वजनकाटा असतो.

आपल्याकडे खासगी विमानात बाटली हवी की नको असा प्रश्नच येऊ नये. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या सहाव्या परिशिष्टाचा दुसरा भाग खासगी उड्डाणांनाही ती सांगतो, आणि तिच्यामुळे केबिनची हवा धोकादायक होता कामा नये असंही सांगतो. अमेरिकेत खासगी छोट्या विमानाला तशी सक्ती नाही, पण तिथलेही जाणते मालक ती बसवून घेतात.

बसवून झाल्यावर माझं काम संपत नाही. वजन आणि समतोलाच्या कागदावर नवी बाटली चढवायची, होकायंत्र तपासायचं, लॉगबुकात सही करायची. मग वैमानिकाला विमानात बसवायचं. सेस्नाच्या जुन्या पुस्तिकांत बाटलीबद्दल चार-पाच वाक्यं आहेत आणि प्रत्येक वाक्य मोलाचं आहे. धार जेमतेम दहा सेकंद टिकते. आगीच्या बुडाशी, अलीकडच्या कडेपासून झाडत मागे न्यायची. पाच फुटांच्या आतून पहिली धार थेट जळत्या भागावर मारली तर पेटलेलं द्रव्य उडतं. केबिनमध्ये वैमानिकाचा चेहरा आणि पॅनल यांत पाच फूट कुठले? म्हणून धार कडेने आत न्यायची हे मी हात धरून दाखवतो. त्याआधी मास्टर स्विच बंद आणि हवेचे झरोके बंद. वायरिंगमध्ये वीज वाहत असेल तर विझलेली आग पुन्हा पेटते. विझल्यावर मात्र झरोके लगेच उघडायचे, कारण तापलेल्या हॅलॉनचं विघटन होऊन जे वायू सुटतात ते फुप्फुसाला वाईट. इंजिनाच्या आगीला ही बाटली नाही, मध्ये फायरवॉल आहे. आणि मांडीवरचा टॅब्लेट पेटला तर ज्वाळा बाटलीने खाली बसतात, पण आतली बॅटरी तापलेलीच राहते. तिला थंड करायला पाणी ओतावं लागतं. म्हणून प्यायच्या पाण्याची बाटली दाराच्या कप्प्यात असू द्या, असा माझा आग्रह असतो.

आता हॅलॉनच्या जागी दुसरी रसायनं येत आहेत आणि मालक विचारतात, जुन्या ब्रॅकेटमध्ये नवी बाटली बसेल ना? हॅलोट्रॉन-१ चं बघा. अडीच पौंड हॅलॉन जेवढी आग विझवतो तेवढ्या कामाला ते पाच पौंड लागतं. बाटली जाड होते, जड होते, आणि अठरा जींचा गुणाकार नव्याने करावा लागतो. पट्टी ताणून ती कशीबशी बसवता येईलही, पण त्या लॅचवर माझी सही होणार नाही. जुना ब्रॅकेट उतरवायचा, चटई उचलायची, नव्या ब्रॅकेटचं ड्रॉइंग मंजूर करून घ्यायचं आणि सीट पहिल्या खाचेपासून एकेक मागे घेत पुन्हा हात लांबवून बघायचा.