काही घेत नाही ना?

शाळेत 31 वर्षं विज्ञान शिकवलं. त्यामुळे घरात कुणी आजारी पडलं की शेवटचा शब्द माझाच, असं मी धरून चाललो होतो. 2022 मध्ये थोरल्या वहिनींना स्तनाचा कर्करोग निघाला, तेव्हाही फाइल काखोटीला मारून मीच पुढे झालो. मुंबईत टाटा रुग्णालयात उपचार सुरू झाले. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत जागा मिळाली.

तिथे संध्याकाळी रुग्ण आणि नातेवाईक एकत्र बसत. कुणाकडे लक्ष्मणफळाची वाळलेली पानं असत, कुणी गव्हांकुराचा रस घेत असे, कुणाला गोमूत्र अर्काचा गुण आलेला असे. नंबर लावायला पहाटे तीनपासून रांग लागते, अशा एका वैद्याचा पत्ताही फिरत होता. मी ऐकायचो आणि आतल्या आत चिडायचो.

दुसऱ्या केमोनंतर गावी आलो. अंगणात तुळशीशेजारी सदाफुली फुललेली. वहिनींनी विचारलं, "भाऊजी, ह्याचंच औषध करतात म्हणे कॅन्सरवर?" मी हसलो. "मग टाटाला कशाला गेलो? अंगणातच चरायला सोडलं असतं तुम्हाला." सगळे हसले. वहिनी उठून आत गेल्या.

खरं तर तो प्रश्न माझ्या विषयातलाच होता. सदाफुलीवर 1950च्या दशकात कॅनडात संशोधन झालं. मधुमेहावर ती वापरतात म्हणून अभ्यासाला घेतली, तर उंदरांच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशीच घटल्या. तिच्यातल्या द्रव्यांपासून व्हिनब्लास्टिन आणि व्हिनक्रिस्टिन ही औषधं आली. व्हिनक्रिस्टिन आजही मुलांच्या रक्ताच्या कर्करोगावर देतात. ढीगभर पानांतून चिमूटभर द्रव्य निघतं, ते शिरेतून मोजून द्यावं लागतं आणि कच्चं पान विषारी असतं. पाच मिनिटांत सांगून झालं असतं. वर्गातल्या पोराला सांगितलंही असतं.

तिसऱ्या केमोआधी रक्त तपासलं. यकृताचे आकडे बरेच वर गेले होते. केमो पुढे ढकलली. डॉक्टरांनी विचारलं, "आणखी काही घेत नाही ना?" वहिनींनी तोंड उघडायच्या आत मीच ठणकावलं, "आमच्या घरात असलं काही चालत नाही." वहिनी खाली बघत राहिल्या. मला तो शीण वाटला.

बाहेर आल्यावर तिथल्या एका सिस्टरने मला पाणी आणायच्या निमित्ताने पाठवलं आणि वहिनींना विचारलं, "मावशी, सकाळी उठल्यापासून काय काय पोटात जातं?" तेव्हा सगळं निघालं. गुळवेलीच्या गोळ्या, लक्ष्मणफळाच्या पानांचा काढा आणि लेबल नसलेली एक पुडी. हे सगळं तुरीच्या डब्यात दडवलेलं होतं, माझ्या भीतीने. गुळवेल घेणाऱ्या सहा जणांच्या यकृताला इजा झाल्याची नोंद मुंबईतल्याच डॉक्टरांनी 2021 मध्ये केली होती. आयुष मंत्रालयाला ती पटली नाही. तो वाद मी पेपरात चवीने वाचला होता, आणि गोळ्या आमच्याच फडताळात होत्या.

डॉक्टर रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "यानेच झालं असं छातीठोक सांगता येणार नाही. पण तूर्त सगळं बंद करा." काही आठवड्यांनी आकडे उतरले आणि केमो सुरू झाली.

परतीच्या गाडीत मी विचारलं, "का घेत होतात?" बऱ्याच वेळाने त्या म्हणाल्या, "भाऊजी, तिथं सगळं माझ्यावर करतात. काढा तेवढा मी करत होते."

यावर मला उत्तर सुचलं नाही. अजूनही सुचलेलं नाही.

काढ्याने कर्करोग जातो असं मला आजही वाटत नाही. अमेरिकेतल्या येल विद्यापीठातल्या संशोधकांनी नेहमीचे उपचार सोडून फक्त पर्यायी मार्ग धरलेल्या 281 रुग्णांचा अभ्यास केला. त्यांच्यात मृत्यूचा धोका सुमारे अडीचपट निघाला. हा आकडा मी लोकांच्या तोंडावर फेकत असे. त्याच संशोधकांचा 2018चा दुसरा अभ्यास मात्र मी नंतर नीट वाचला. उपचारांबरोबर इतर काही घेणाऱ्यांतही धोका जास्त होता, कारण त्यांच्यातले बरेच जण पुढे शस्त्रक्रिया, केमो किंवा रेडिएशनला नकार देत होते. वाचताना मला सदाफुलीपाशी उभ्या वहिनी आठवल्या. आणखी चार वेळा हसलो असतो, तर त्या काढ्याकडेच गेल्या नसत्या कशावरून?

पुढच्या खेपेला आम्ही डॉक्टरांनाच विचारलं की वहिनींनी स्वतः करण्यासारखं काय आहे. त्यांनी हलकी आसनं, प्राणायाम आणि रोजचं चालणं सांगितलं. त्याने गाठ विरघळत नाही, पण थकवा कमी व्हायला आणि झोप लागायला मदत होते. वहिनी ते नेमाने करू लागल्या.

घरात रुग्ण असेल तर "काही घेत नाही ना?" असं विचारू नका. त्या प्रश्नाला "नाही" हेच उत्तर मिळतं. "काय काय घेता?" असं विचारा, आणि उत्तर येईपर्यंत गप्प बसा. आमच्या फाइलच्या पहिल्या पानावर आता वहिनींच्या हातची यादी असते. ओव्याचा अर्कसुद्धा त्यात लिहिलेला असतो. ती यादी डॉक्टरांपुढे त्याच ठेवतात. मी बाहेर बाकावर बसतो.